झोळीत आलेली छावणीची नोट

आमच्या ओबरवाईड गावात लेओनहार्ड श्टाडलरचं नाव निघालं की माणसं आधी हसायची आणि मग जरा सरळ बसायची. ते माझे बाबा. लहानपणी डावा पाय गाडीच्या चाकाखाली गेलेला, त्यामुळे लंगडत चालायचे. पण माणूस असा नाकासमोर चालणारा की आई म्हणायची, "ह्यांच्या नाकासमोर विहीर आली तर हे वळसा घालायचे नाहीत, आत पडतील." आम्ही पोरं हसायचो. पुढे पडले ते. पण एकटे पडले नाहीत, एका परक्या बाईला घेऊन पडले. बाबांना जाऊन तीस वर्षं झाली, मीही आता म्हातारी झाले, पण ती गोष्ट आठवली की आजही हातातलं काम थांबतं.

बाबा चर्चचे चाकर. घंटा वाजवायची, मेणबत्त्या लावायच्या, थडग्यांमधलं गवत काढायचं आणि रविवारच्या मिस्सेला, म्हणजे उपासनेला, झोळी फिरवायची. आमची झोळी म्हणजे लांब काठीच्या टोकाला शिवलेली लाल मखमली पिशवी, तिच्या तळाला इवलीशी घंटी. बाकाच्या टोकाशी उभं राहून काठी आत सरकवायची, म्हणजे कोपऱ्यातल्या माणसापर्यंत पिशवी पोचते. कुणी डुलकी काढत असेल तर घंटी जरा हलवायची. एकतीस वर्षं बाबांनी ती काठी धरली. त्यांचा एक नियम होता, त्यांच्या बापानं घालून दिलेला. झोळी धरणाऱ्यानं आपल्या मुठीकडे बघायचं, देणाऱ्याच्या हाताकडे नाही. कुणी काय टाकलं हे त्याला कळताच कामा नये.

आणि खरंच कळत नसे हो. पुढच्या बाकावरचा मोठा जमीनदार दर रविवारी विजारीचं बटण टाकायचा. आवाजावरून अख्ख्या गावाला ठाऊक, एक बाबा सोडून. घरी पिशवी उलटी केली की बटण निघायचं, बाबा ते बरणीत टाकायचे आणि म्हणायचे, कुणा गरिबाकडे दुसरं काही नसेल. आई कपाळावर हात मारायची. त्यातलीच सहा बटणं तिनं माझ्या कोटाला लावली होती.

पहिल्या महायुद्धाचं चौथं वर्ष लागलं तेव्हा चर्चच्या दोन घंटा तोफा ओतायला नेल्या. गहू गेला, साबण गेला, कॉफी म्हणून आम्ही भाजलेल्या चिकोरीच्या मुळ्यांचं पाणी पीत होतो. सुटे पैसेही गेले. निकलची नाणी सरकारनं गोळा केली, तेव्हा ज्या-त्या शहरानं पाच-दहा-पन्नास फेनिगच्या आपापल्या कागदी नोटा छापल्या. एका शहराची नोट शेजारच्या शहरात कुणी घेईना. झोळीत मात्र सगळ्या शहरांच्या नोटा यायच्या. दुसरा एखादा असता तर म्हणाला असता, जाऊ दे. बाबा महिनाभर त्या शहराप्रमाणे वेगळ्या लावून ठेवायचे आणि मग लंगडत त्या-त्या नगरपालिकेत जाऊन बदलून आणायचे. चार मैल चालून सत्तर फेनिग. कारकून हसायचे. बाबा म्हणायचे, झोळीत पडलेलं वेदीपर्यंत पोचलं नाही तर ते दिलंच नाही असं होतं.

एवढं सांगितलं म्हणजे पुढचं समजेल. समजेल, पटणार नाही. मला अजून पटलेलं नाही.

नोव्हेंबरात मृतांचा रविवार येतो. त्या दिवशी आमच्याकडे आपल्या गेलेल्या माणसाचं नाव चिठोऱ्यावर लिहून त्यात दान गुंडाळून झोळीत टाकतात. पुढच्या रविवारी फादर ती सगळी नावं वेदीपुढे वाचतात आणि गाव प्रत्येक नावाला "चिरशांती लाभो" म्हणतं. नुसती चिठ्ठी टाकून चालत नाही. दानाशिवाय नाव वाचायचं नाही, हा जुना नियम. सतराच्या साली तर चिठ्ठ्याच चिठ्ठ्या. ज्या घरात कुणी गेलं नव्हतं असं घर शोधावं लागलं असतं.

त्या दिवशी दुपारी जेवणं झाल्यावर बाबांनी स्वयंपाकघरातल्या टेबलावर पिशवी उलटी केली. त्यांची नजर अधू झालेली, म्हणून नावं वाचायचं काम माझ्याकडे. मी सतरा वर्षांची. वाचता वाचता एक घडी हातात आली, तिला चिठ्ठीच नव्हती. उघडली तर हिरवट राखाडी कागदाची पन्नास फेनिगची नोट. वर जिल्ह्याच्या शहराबाहेरच्या युद्धकैद्यांच्या छावणीचं नाव, खाली बारीक अक्षरांत लिहिलेलं की ही नोट फक्त कैद्यांसाठी, फक्त छावणीच्या दुकानात चालेल. मागच्या कोऱ्या बाजूवर पेन्सिलीनं नाव होतं, "कोरेंटिन, वय ४."

कैदी आमच्या गावात होतेच. चौदा फ्रेंच, खानावळीच्या नाचाच्या हॉलमध्ये कोंडलेले, वर एक म्हातारा पहारेकरी. दिवसा ते शेतांवर राबायचे. मजुरी त्यांना ह्या असल्या नोटांमध्ये मिळायची, का तर खरे पैसे हातात आले की माणूस पळून जातो, तिकीट काढतो. छावणीच्या नोटेनं काय काढणार, डोंबल? आणि नगरपालिकेच्या दारावर हुकूम डकवलेला होता. कैद्याकडून छावणीचा पैसा घेणाऱ्याला, त्याला काही देणाऱ्याला, त्याचा निरोप नेणाऱ्याला तुरुंग. बाई असेल तर नावासकट पेपरात.

आईनं नोट बघितली मात्र, चुलीचं झाकण उचललं.

"द्या इकडे," ती म्हणाली. "जाळून टाकते."

बाबांनी नोटेवर हात ठेवला. म्हणाले, झोळीतलं जाळायचं नसतं. आई म्हणाली, मग अंड्यांच्या पैशातले पन्नास फेनिग घाला आणि पोराचं नाव वाचून मोकळे व्हा, देव काय नोट तपासणार आहे? त्यावर बाबा जे बोलले ते मी विसरले नाही. "मग ते माझं दान होईल. त्याच्या बापाचं कसं होईल?"

आईनं त्यांना हुकमाची आठवण करून दिली. बाबा म्हणाले, तो घेणाऱ्यासाठी आहे. मी कुठे घेतोय, मी तर परत द्यायला चाललोय. जसं नगरपालिकेची नोट नगरपालिका बदलून देते, तशी छावणीची छावणी देईल. पुढच्या रविवारच्या आत बदलून आणली की नाव वाचता येईल. एवढं सरळ होतं त्यांच्या डोक्यात. नोट कुणी टाकली हा प्रश्न त्यांना पडलाच नाही. एकतीस वर्षं न पडायची सवय होती.

मलाही नाही पडला, खोटं कशाला बोलू? मंगळवारी मी शहरात जायला मिळतंय म्हणून खूश होऊन त्यांच्याबरोबर निघाले. दोन तास चाललो. छावणीच्या फाटकाशी बाबांनी टोपी काढून सांगितलं, चर्चच्या कामाला आलोय. आम्हाला पैशांच्या खिडकीशी नेलं. खिडकीमागे सर्दी झालेला एक हवालदार होता, तपकिरी मिशीचा, चांगला हसतमुख. बाबांनी नोट पुढे केली आणि सगळी हकिगत सांगितली. तो इतका हसला की त्याला खोकला आला. म्हणाला, आजोबा, तीन वर्षांत इथे नोट बदलायला आलेले तुम्ही पहिले. आणि खरं सांगते, त्यानं खण उघडून लोखंडी पन्नास फेनिग काढले होते. आमच्या बाजूला सरकवलेही होते.

मग त्यानं सहज नोट दिव्याकडे धरली. प्रत्येक नोटेवर ती कुठल्या गावच्या टोळीला दिली त्याचा शिक्का असतो, ते तेव्हा कळलं.

"ओबरवाईड," तो म्हणाला. "म्हणजे तुमच्याच गावची टोळी. कुठल्या रविवारी आली ही?"

"परवाच्या. मृतांच्या."

"परवाच्या रविवारी तर शेजारच्या गावातून एक जण पळाला म्हणून सगळ्या टोळ्या दिवसभर कोंडून ठेवल्या होत्या. तुमचे कैदी चर्चमध्ये आले होते?"

 नेहमी कैदी चर्चच्या माडीवर बसायचे, त्या दिवशी माडी रिकामी होती, मी डोळ्यांनी बघितलं होतं. कैदी नव्हते म्हणजे नोट गावातल्या कुणीतरी टाकली. कुणीतरी म्हणजे कुणी, तेही मला त्याच क्षणी कळलं. मी खिडकीखाली बाबांच्या चांगल्या पायावर माझा पाय ठेवला आणि जोरात दाबला.

बाबा वळून मला म्हणाले, "बुर्गा, पाय का दाबतेस?"

हवालदारानं माझ्याकडे बघितलं. त्याचं हसू गेलं होतं. त्यानं परत विचारलं. बाबांनी विचार केला, नीट आठवून बघितलं, शाळेत मास्तरांनी विचारल्यावर मूल आठवतं तसं.

"नाही," ते म्हणाले. "त्या रविवारी कैदी नव्हते."

"मग ही टाकली कुणी?"

"ते मला कळत नाही. मी मुठीकडे बघतो."

हवालदारानं लोखंडी नाणं परत खणात टाकलं, खण लावला आणि नोट एका पाकिटात घातली. आम्हाला म्हणाला, जा आता. बाबा म्हणाले, पण पन्नास फेनिग? तो म्हणाला, ते नंतर बघू.

अर्ध्या रस्त्यात बाबा थांबले आणि मला विचारलं, कुणी टाकली असेल गं? एकतीस वर्षांत पहिल्यांदा. मी सांगितलं, आफ्रावहिनीनं.

आफ्रावहिनी म्हणजे वरच्या ओढ्यापलीकडच्या कोर्बिनियानची बायको. एकतीस वर्षांची, नवरा फ्लँडर्सच्या आघाडीवर, पदरात पाच वर्षांची वेवी, दोन गाई आणि एक कैदी. कैद्याचं नाव माथ्युरँ. मी रोज तिच्याकडे दूध आणायला जायचे, त्यामुळे त्या घरात काय होतं आणि काय नव्हतं हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक नाही. होतं ते एवढंच की तो जेवायला त्याच टेबलाशी बसायचा. हुकूम असा की कैद्याला वेगळं वाढायचं. वहिनी म्हणायची, दोन टेबलं मांडायला मला दोन घरं लागतील. तिला त्याची भाषा येत नव्हती, त्याला आमची जेमतेम. सप्टेंबरात त्याला काळ्या काठाचं कार्ड आलं. मुलगा घटसर्पानं गेला होता, कार्ड पोचेपर्यंत चार महिने उलटले होते. तो दोन दिवस गाईंच्या गोठ्यात बसून होता आणि वहिनीनं एकटीनं बटाटे काढले. हे मी बाबांना सांगितलं. बाबा तिथेच मैलाच्या दगडावर बसले. त्यांचा चेहरा बघून मलाच भीती वाटली.

मग उठले आणि म्हणाले, चल लवकर, तिला सांगू या. ते लवकर म्हणजे किती लवकर? लंगड्या पायाचा माणूस. आम्ही टेकडीच्या चढाला असताना मागून सायकलची घंटी वाजली. जिल्ह्याचा पोलीस शिपाई. ओळखीचा, दर ईस्टरला येऊन अंडी नेणारा. त्यानं बाबांना नमस्कार केला, बाबांनीही सवयीनं टोपी उचलली. तो पुढे गेला तेव्हा मी त्यांना म्हटलं, बाबा, कैद्यांचं टपाल छावणीतूनच येतं, पोराच्या नावावरून त्यांनी घर काढलं असणार, तो तिच्याकडेच चाललाय. बाबा पळायला लागले. माझ्या बाबांना पळताना मी तेवढं एकदाच बघितलं. दोनदा पडले.

आम्ही पोचलो तर सायकल तिच्या भिंतीला टेकलेली. दार उघडंच होतं. वहिनी टेबलाशी उभी, हात सलगमांच्या मातीनं भरलेले, वेवी तिच्या स्कर्टला धरून. शिपाई बिचारा वाट काढून देत होता, हेही सांगायला हवं. तो म्हणत होता की नोट रस्त्यात सापडली असेल, कुठली ते कळलं नसेल, अंधारात घाईनं टाकली असेल. नुसतं हो म्हणायचं होतं.

"सापडली नाही," वहिनी म्हणाली. "त्यानं दिली. तो स्वतःच टाकणार होता, पहाटे कोंडायच्या आधी गोठ्यात आला तेव्हा म्हणाला की आज आम्हाला सोडणार नाहीत."

शिपायानं कपाळ पुसलं. म्हणाला, अहो बाई, मग तुमचं स्वतःचं नाणं टाकायचं आणि ही नोट जाळून टाकायची.

वहिनीला ते समजलंच नाही. खरंच समजलं नाही, मी तिचं तोंड बघत होते. "मुलगा त्याचा," ती म्हणाली. "मी माझं कसं टाकू?"

बाबा दारात उभे होते, गुडघे फुटलेले. दोन दिवसांपूर्वी आमच्या टेबलाशी ते जे बोलले होते, तेच ती बोलली. तिनं बाबांकडे बघितलं तेव्हा तिला वाटलं की ते आधार द्यायला आलेत. म्हणाली, लेओनहार्डकाका, तुम्हीच सांगा ह्यांना.  नोट छावणीत कुणी नेली हे शिपायानं सांगितलं. सांगायलाच हवं होतं का त्यानं? पण सांगितलं.

तीन आठवड्यांनी शहरात खटला झाला. बाबांना साक्षीला बोलावलं. ते म्हणाले, साहेब, फक्त पन्नास फेनिग आहेत आणि ते देवाला दिलेले आहेत. न्यायाधीशानं ते ऐकून घेतलं. मग त्यानं विचारलं की कैदी आरोपीच्या टेबलावर जेवायचा हे खरं का, आणि वहिनी म्हणाली, खरं. त्यापुढे कुणी काही ऐकलं नाही. शत्रूशी अनुचित सलगी, धरून नेल्या दिवसापासून तीन महिने तुरुंग. आणि मग न्यायाधीशानं सगळ्यांसमोर माझ्या बाबांची स्तुती केली. असे जागरूक नागरिक असतील तर देशाला भीती नाही, म्हणाला. बाबा उभे राहून म्हणाले, मी जागरूक नाही हो. लोक हसले. मला त्या दिवशी पहिल्यांदा माणसांची किळस आली. जिल्ह्याच्या पेपरात वहिनीचं पूर्ण नाव, गाव, वय, नवऱ्याची पलटण आणि खाली लेओनहार्ड श्टाडलर यांची तत्परता, सगळं छापून आलं.

आणि आमच्या बायका! त्या रडवेल्या, विधवा झालेल्या, रोज माळ ओढणाऱ्या आमच्या बायका. वहिनीकडून उधार लोणी नेणाऱ्या. एकीनं सांगितलं, मला आधीपासून संशय होता. दुसरी म्हणाली, पोरीचे केस बघा, बापासारखे आहेत का? अगं, पोर पाच वर्षांची, कैदी येऊन दोन वर्षं झालेली, बोटांवर मोजता येत नव्हतं का तुम्हाला? मी हे चर्चच्या पायऱ्यांवर मोठ्यानं बोलले तेव्हा माझ्याच आत्यानं मला कानशिलात मारली. माथ्युरँला दलदलीतलं पीट, म्हणजे जळणाची माती, खणायला पाठवलं. त्याचं पुढे काय झालं ते आम्हाला कधी कळलं नाही.

मृतांची नावं वाचायचा रविवार तर खटल्याच्या आधीच येऊन गेला होता. बाबांनी कोरेंटिनचं नाव यादीच्या शेवटी माझ्याकडून लिहून घेतलं होतं. फादर एबरवाईन भित्रा माणूस, वाईट नव्हता. त्यानं पेन्सिल घेतली आणि ते नाव खोडलं. म्हणाला, लेओनहार्ड, नोट पोलिसांकडे आहे, दान आलेलंच नाही, आणि हे नाव मी आज वाचलं तर मलाही बोलावतील. पुढच्या वर्षी बघू. बाबांनी काठी घेतली आणि झोळी फिरवली. दोनशे अकरा नावं वाचली गेली, एक वाचलं गेलं नाही. पुढच्या वर्षी कुणाच्या लक्षातही नव्हतं.

जानेवारीत कोर्बिनियान आठवडाभराच्या रजेवर आला. वहिनी तुरुंगात, वेवी त्याच्या थोरल्या बहिणीकडे, ओटिलियेकडे. बाबा त्याला भेटायला गेले, मला बरोबर घेऊन, साक्षीला म्हणून. बाबांनी टोपी हातात घेऊन सगळं पहिल्यापासून सांगितलं. नोट, नाव, खिडकी, रिकामी माडी. शेवटी म्हणाले, दोष माझा आहे, तुझ्या बायकोनं एका पैचंही खोटं केलेलं नाही.

कोर्बिनियान खिडकीशी बसून बूट पुसत होता. त्यानं मान वर केली नाही. "मला माहीत आहे, काका," तो म्हणाला. "आफ्राला मी ओळखत नाही होय? पण तो पेपर कुणीतरी आमच्या कंपनीत पाठवला. त्यांनी तो खंदकात भिंतीला लावला. मी रोज त्याच्या खाली झोपतो."

बाबा म्हणाले, मग त्यांना सांग की खोटं आहे.

"सांगितलं. ते हसतात. एकशे वीस जण आहेत, काका. मी किती जणांना मारू?"

त्यानं बूट ठेवला, दुसरा घेतला. मग हळू आवाजात म्हणाला की शेत त्याच्या नावावर आहे, ते त्यानं ओटिलियेकडे दिलंय, आणि वेवीही तिच्याकडेच राहील. आफ्राला घरात घेतलं तर सगळं खरं असून त्यानं पोटात घातलं असं दिसेल. मी ओरडले, म्हणजे खोटं आहे हे ठाऊक असून तुम्ही तिला बाहेर काढता? तो म्हणाला, हो. एवढंच म्हणाला, हो. बाबांना मी हाताला धरून घरी आणलं. तो माणूस लढाईतून जिवंत परतला, बहिणीच्या घरी राहिला, आणि वेवी तिथेच वाढली.

बाबांनी त्यानंतर दोन पत्रं धाडली, एक जिल्ह्याच्या कचेरीला, एक बिशपला. मी लिहिली आणि त्यांनी सही केली. कचेरीचं उत्तर आलं. त्यात त्यांच्या तत्परतेबद्दल पुन्हा आभार मानले होते. आईनं तो कागद त्यांना दिसायच्या आत चुलीत टाकला. ते जेवेनासे झाले. रात्रंदिवस एकच, मी काय चूक केली? रागानं नाही, खरंच विचारायचे. मला ती चूक कुणी दाखवा, मी कबूल करतो. आम्ही काय दाखवणार? दाखवायला गेलं तर त्यांनी एकही गोष्ट चुकीची केली नव्हती.

फेब्रुवारीच्या शेवटी वहिनी सुटली. सकाळच्या गाडीनं आली ती आधी ओटिलियेच्या दारात गेली. ओटिलियेनं दार उघडलं नाही. वरच्या खिडकीतून कपड्यांचं गाठोडं खाली टाकलं आणि सांगितलं की पोर नीट आहे, तिला आता त्रास देऊ नकोस. वेवी आत रडत होती, रस्त्यावर ऐकू येत होतं. वहिनी तिथे अर्धा तास उभी राहिली म्हणतात. शेजारच्या कुणी बाहेर आलं नाही. हे सगळं आम्हाला पाववाल्याच्या मुलीनं येऊन सांगितलं आणि ती सांगतेय तोवर वहिनीच आमच्या अंगणात आली.

मी तिला ओळखलं नाही. चेहरा पिवळा, केस कापलेले, गाठोडं काखेत. आईनं तिला आत ओढून चुलीपाशी बसवलं, पुढ्यात सूप ठेवलं. तिनं चमचा उचलला नाही. म्हणाली, अकराच्या गाडीनं आउग्सबुर्गला जातेय, सूतगिरणीत कामाला बायका घेतात. बाबा भिंतीला टेकून उभे होते. इतके दिवस काय काय बोलायचं ते ठरवत होते, आईला म्हणून दाखवत होते, तिचे पाय धरणार होते. 

"लेओनहार्डकाका," ती म्हणाली, "एक विचारायला आले. तिथे आत काही कळत नव्हतं. त्या पोराचं नाव वाचलं का?"

 घर गेलं, नवरा गेला, पोरीचं रडणं ऐकून आली होती, आणि हे विचारायला आली होती. बाबा काय सांगणार हे मला ठाऊक होतं. ह्या माणसाला दुसरं काही सांगता येतच नव्हतं.

"वाचलं," बाबा म्हणाले.

आईच्या हातातली ओगराळी तिथेच राहिली.

"कितवं?" वहिनीनं विचारलं.

बाबांनी तिच्या डोळ्यांत बघितलं. "शेवटचं. फादर जरा थांबले, नाव नीट म्हणता यावं म्हणून. मग वाचलं."

"आणि सगळे म्हणाले, चिरशांती लाभो?"

"सगळे म्हणाले."

"म्हणजे दान पोचलं."

"पोचलं," बाबा म्हणाले. "छावणीनं बदलून दिले. लोखंडी पन्नास फेनिग. मी स्वतः वेदीवर ठेवले."

वहिनी रडायला लागली. तिनं सांगितलं की खटल्यात रडली नाही, आत रडली नाही, ओटिलियेच्या दारातही नाही. मग बाहीनं तोंड पुसलं, म्हणाली, मग झालं तर, आणि चमचा उचलून ते सूप सगळं प्यायली. आईनं तिच्या गाठोड्यात पाव आणि चार उकडलेली अंडी घातली. ती उठली, बाबांना नमस्कार केला आणि निघाली.

मी दाराशी उभी होते आणि माझं लक्ष तिच्याकडे नव्हतंच, बाबांकडे होतं. मला धास्ती, हे आता हाक मारतील आणि खरं सांगतील. आईही त्यांच्याकडेच बघत होती. त्यांचे ओठ हलले, त्यांनी मेज घट्ट धरलं. वहिनी फाटकाबाहेर पडली, ओढ्याच्या पुलावरून स्टेशनच्या रस्त्याला लागली आणि दिसेनाशी झाली. बाबा बोलले नाहीत. मग त्यांनी आईला विचारलं की सूप उरलंय का, आणि तिच्याच खुर्चीत बसून, तिच्याच वाडग्यात, कितीतरी दिवसांनी जेवले.